शेतावर न जाता शाश्वत शेतीवर संशोधन? रिमोट मॉनिटरिंगच्या प्लेसमेंटबद्दल

बांधावरचा
काल इथे एका विद्यार्थ्याने लिहिलं, 'माझी रिसर्च प्लेसमेंट शाश्वत शेतीच्या रिमोट मॉनिटरिंगवर आहे. शेतावर जायची गरजच नाही, सगळं उपग्रहातून दिसतं.' खाली अभिनंदनांची रांग. सगळं म्हणजे काय काय दिसतं, हे एकानेही विचारलं नाही. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्राचा सर्वांत बारीक ठिपका, म्हणजे पिक्सेल, १० मीटरचा. म्हणजे जवळपास एक गुंठा, आणि त्या अख्ख्या गुंठ्याला मिळून एक आकडा. पीक, तण, बांधावरचं झाड, त्या झाडाची सावली, सगळं त्यातच. एनडीव्हीआय म्हणजे उपग्रहाच्या चित्रातून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक. त्याला हिरवेपणा कळतो, पण ते हिरवं काय आहे हे कळत नाही. तणाने भरलेला तुकडा नकाशावर जोमदार पीक म्हणून झळकतो. पीक दाट झालं की निर्देशांक वरच्या टोकाला अडकतो, मग बरं पीक आणि उत्तम पीक यांत फरकच उरत नाही.

आता 'शाश्वत'कडे या. फवारणी किती झाली, मातीत गांडुळं आहेत का, भूजल किती खोल गेलं, यातलं काय दिसतं वरून? ज्या प्लेसमेंटमध्ये विद्यार्थ्याचे पाय एकदाही मातीला लागत नाहीत, तिला शेतीचं संशोधन म्हणू नये.

तरंगलांबी
हा आक्षेप दर वर्षी नव्याने वाचते आणि दर वर्षी चिडते. सेंटिनेल-२ला १३ बँड आहेत, म्हणजे तो प्रकाशाचे १३ वेगवेगळे पट्टे टिपतो. तुम्ही दोन बँडांच्या एनडीव्हीआयवर थांबलात. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाच्या, बँडांवरून कापणीनंतर पिकाचे अवशेष जमिनीवर राहिले की नांगरून गाडले, याचा अंदाज येतो. दोन पिकांच्या मधे जमीन उघडी होती की आच्छादन पीक होतं, फेरपालट झाली की नाही, हे सगळं कळतं. शाश्वत शेतीच्या चर्चेत आपण हेच तर मोजायला सांगतो ना?

तणाचं म्हणाल तर एका तारखेचं चित्र बघून कुणीच निष्कर्ष काढत नाही. हंगामभराची वक्ररेषा काढतात. पीक आणि तण बऱ्याचदा वेगवेगळ्या वेळी हिरवं होतं आणि वाळतं. ढग असले तर सेंटिनेल-१चं रडार आहे, त्याला ढगांपलीकडचं दिसतं. भूजलासाठी गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून पाण्याचा अंदाज घेणारे ग्रेस उपग्रह २००२ पासून होते, २०१८ पासून त्यांची पुढची जोडी आहे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची, आणि २००८ पासून सगळा संग्रह फुकट. १९९० साली त्या शेतात काय उभं होतं, ते बांधावर उभं राहून सांगा बघू.

बांधावरचा
ग्रेस काढलंत म्हणून सांगतो. ते शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचं पाणी मोजतं. एका शेतकऱ्याने उपसा कमी केला की वाढवला, ते त्यात कुठे दिसणार? अवशेषांचं म्हणणं मान्य. पण जमीन ओली असली की तोच अंदाज गडबडतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

गांडूळ
माझ्याकडे एका संस्थेचे विद्यार्थी येऊन गेलेत, म्हणून बोलतो. ओलावा मोजायचा सेन्सर पुरला आणि म्हणाले, काका, आता आम्हाला घरबसल्या कळेल. ऊन तापलं, चिकण माती आकसली, भेगा पडल्या. एक भेग थेट सेन्सरच्या दांड्यांना चिकटून गेली. दांड्यांभोवती हवा, त्यामुळे आकडा धाडकन खाली. फोनवर निरोप आला, पाणी द्या. मी वीतभर उकरून बघितलं तर मातीचा लाडू वळत होता. हे कुणाला सांगू? त्यांची प्लेसमेंट तोवर संपली होती.

आणि खरी चीड पुढे आहे. माझ्या शेताची हद्द नेली, खताच्या नोंदी नेल्या, काय कधी पेरलं ते सगळं लिहून नेलं. अहवालाची प्रत आजतागायत आली नाही.

दुपारची_पाळी
विद्यार्थ्यांनाच कुठे काय मिळतं? बिनपगारी राबायचं आणि शेवटी एक प्रमाणपत्र. शेतावर जायचा खर्चही बहुतेक ठिकाणी स्वतःचा. आधी त्यावर धागा काढा.

तरंगलांबी
@गांडूळ, सेन्सर नीट बसवला नव्हता, यात उपग्रहाचा काय दोष? राहिली हद्द, ती तर आकाशातून कुणालाही दिसते. त्यात खाजगी काय आहे?

गांडूळ
ताई, हद्द दिसते, पण त्या हद्दीत मी काय टाकतो ते मी सांगितल्यावरच कळतं. दोन्ही जोडलं की माझा अख्खा व्यवहार दुसऱ्याच्या हातात जातो. उद्या कुणी माझ्या मातीतला सेंद्रिय कर्ब वाढल्याचा दावा कार्बन क्रेडिट म्हणून विकला तर त्यात माझा वाटा किती? आणि तो कर्ब तरी मोजला कसा? उपग्रहाला उघड्या मातीचा वरचा पापुद्रा दिसतो. कर्बाचा हिशेब साधारण ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत धरतात. खड्डा खणल्याशिवाय तो कळत नाही.

बांधावरचा
हा मुद्दा माझ्यापेक्षा मोठा आहे. युरोपीय संघात शेतीच्या अनुदानासाठी सेंटिनेलवर आधारलेली देखरेख २०२३ पासून सदस्य देशांना बंधनकारक आहे. तिथे नकाशा चुकला तर शेतकऱ्याला विचारणा होते. निदान जागेचा आणि वेळेचा शिक्का असलेला फोटो पाठवून तो आपली बाजू तरी मांडू शकतो. विद्यार्थ्याच्या प्रकल्पात शेतकऱ्याला तेवढीही सोय नाही.

तरंगलांबी
बरं, प्रत द्यायलाच हवी, यावर मी भांडणार नाही. पण त्यासाठी अख्ख्या शाखेला खोटं ठरवू नका.

चवथी_सेमिस्टर
ज्या पोस्टवरून हा धागा निघाला ती माझी. मला शेतावर जायचंच होतं. विचारलं तर उत्तर आलं की प्रवासाची तरतूद नाही आणि विद्यार्थ्यांचा विमाही नाही. मग मी काय करायचं होतं?

आणि स्क्रीनवर काहीच कळत नाही, हे मला पटत नाही. एका शेताचा एनडीव्हीआय एकदम पडला, मॉडेलने कापणी म्हणून नोंद केली. पुढच्या फेरीत, पाच दिवसांनी, शेत पुन्हा हिरवंगार. मूळ चित्र उघडलं तर शेजारी ढग आणि शेतावर त्याची सावली, ढग आणि सावल्या वगळणाऱ्या मास्कमधून निसटलेली. हे मला खुर्चीत बसूनच सापडलं. मला खटकतं ते दुसरंच. ज्या नमुन्यांवर मॉडेल शिकवलं, त्यांत 'शून्य मशागत', म्हणजे नांगरट न केलेलं शेत, हा शिक्का कुणी आणि काय बघून मारला, हे कुणालाच सांगता येत नाही.

बांधावरचा
हे काल लिहिलं असतंस तर मीही अभिनंदन केलं असतं. मॉडेलच्या अचूकतेवर त्या शिक्क्यांइतकाच भरवसा ठेवता येतो. हे अहवालात पहिल्या पानावर घाल.

तरंगलांबी
आणि जायला मिळालंच तर शेताच्या कडेचे पिक्सेल घेऊ नकोस, त्यांत शेजारचं शेत मिसळतं. आत सरकून, एकसारखा तुकडा बघून नोंद घे. उपग्रह ज्या दिवशी वरून जातो, त्याच्या आसपासच जा. पंधरवड्याने गेलास तर अवशेष कुजलेले असतील नाहीतर नांगर फिरलेला असेल.

गांडूळ
माझ्या शेतात ये, जागा दाखवतो. प्रत देणार का, तेवढं आधी सांग.

चवथी_सेमिस्टर
काका, करारात अहवाल संस्थेच्या मालकीचा लिहिलाय. मी मागून बघतो, पण शब्द देऊ शकत नाही.

गांडूळ
मग आधी करार बदलून घे. तोवर माझं शेत तुझ्या नकाशात नको.