एमएम ५४०: मागच्या डिफची (डिफरेन्शियलची) बेअरिंगं गेलीत, काय काय बदलू?

डोंगरवाट५४०
नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा एमएम ५४०, ३१ इंची टायर, पाटे बदलून उचललेली. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) नाही. पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला ओढ्यांतून बरीच फिरली. आता चाळिशीच्या पुढे मागून घूंऽऽ सुरू होतं, पाय काढला की सूर बदलतो. वळणावर काही फरक पडत नाही. मागचं झाकण उघडलं तर तेल दुधाच्या चहासारखं, तळाला चंदेरी गाळ. पिनियनचा (शाफ्टने फिरणाऱ्या लहान गिअरचा) फ्लॅन्ज धरून हलवला तर प्ले हाताला लागतो. क्राऊनचे (मोठ्या गिअरचे) दात मात्र शाबूत आहेत.

पिनियनचीच बेअरिंगं बदलू की सगळी? नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, "जुन्याच शिम (अंतर भरायच्या पातळ चकत्या) परत टाकू, काही होत नाही." आणि बेअरिंग कुठल्या कंपनीचं घेऊ?

ग्रीसवाला
चारही बदल. दोन पिनियनची, दोन क्राऊनच्या बाजूची. तोच गाळ चारही बेअरिंगांतून फिरलाय. पिनियन सील आणि दोन्ही ॲक्सल सील हातासरशी.

पाना_नंबर_१९
ग्रीसवाल्यांशी सहमत. पण बेअरिंग टाकणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते सेटिंग, आणि "काही होत नाही" इथेच नडतं.

तुमचा मागचा ॲक्सल डाना ४४ च्या घराण्यातला. त्यात पिनियन किती आत बसायचा हे आतल्या कपामागच्या (कप म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं) शिम ठरवतात, बेअरिंग किती आवळून बसायचं (प्रीलोड) हे बाहेरच्या कोनपाशी (कोन म्हणजे रोलरसकट आतला भाग) असलेल्या शिम, आणि क्राऊन डावीकडे-उजवीकडे किती सरकायचा हे बाजूच्या बेअरिंगखालच्या शिम. नंबर तोच असला तरी नवं बेअरिंग रुंदीला केसभर कमी-जास्त निघू शकतं. इथे तेवढ्यानेही आवाज येतो. म्हणून जुन्या शिम टाकून सुरुवात करायची ती फक्त मोजायला. मोजल्याशिवाय झाकण लावू देऊ नका.

उघडताना दोन्ही बेअरिंग कॅपवर आणि हाऊसिंगवर पंचने खुणा करा, एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. कॅप ज्या त्या जागीच मशीन केलेल्या असतात, अदलाबदल केली तर बेअरिंग वाकडं आवळलं जातं. डाव्या-उजव्या शिम वेगवेगळ्या पिशव्यांत. केस (क्राऊन जिच्यावर बसतो ती) बाहेर काढायला स्प्रेडर (हाऊसिंग फाकवायचं साधन) लागतो. नसेल तर पहारीने हळूहळू काढतात, पण स्प्रेडर असला तरी हाऊसिंग अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फाकवायचं नाही. नवं बेअरिंग छिन्नी-हातोडीने ठोकणारा दिसला की गाडी उचलून दुसरीकडे न्या. प्रेस हवा, नाहीतर कोन गरम तेलात तापवून बसवतात.

मग मोजणी. बॅकलॅश (दातांमधला मोकळा खेळ) डायल गेजवर साधारण ०.१० ते ०.२० मिमी, आणि तो क्राऊनवर तीन-चार ठिकाणी बघा. जास्त आला तर एका बाजूची शिम काढून दुसऱ्या बाजूला घालायची. त्यानंतर दातांना मार्किंग पेस्ट लावून, क्राऊनला लाकडाने अडवून पिनियन फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत गेलाय, टोकाशी उमटला तर आत यायला हवा.

जुनं बेअरिंग फेकू नका, आधी ट्रॅक नीट बघा. रोलरच्या अंतराअंतराने गंजाच्या आडव्या रेषा असतील तर गाडी पाणी शिरलेल्या अवस्थेत उभी होती. निळसर छटा असेल तर तेल कमी पडलं किंवा प्रीलोड जास्त होता. तुमचं ऐकून मला पहिलंच वाटतं.

कोकणी_जिप्सी
एवढा खटाटोप कशाला दादा? स्क्रॅपमधून अख्खा गोळा (डिफचा सगळा संच) आणायचा, आठ-दहा नट काढून बदलायचा. मी तसंच केलं.

पाना_नंबर_१९
जिप्सीचा गोळा पुढून सुटतो, एमएमचा नाही. याला केस हाऊसिंगमध्येच सेट करावी लागते. अख्खा ॲक्सल आणलात तर आधी क्राऊन-पिनियनचे दात मोजा. जुन्या जीपला बहुतेक ५.३८ असतो, म्हणजे ४३ आणि ८. मागे वेगळा रेशो बसला आणि पुढचा तसाच राहिला, तर फोर-व्हील लावल्या लावल्या पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) मधल्या मधे मरेल.

डोंगरवाट५४०
मेकॅनिककडे डायल गेज नाही. प्रीलोड तर म्हणतो हाताने कळतो. भोसरीत एक लेथवाला आहे, त्याच्याकडे प्रेस आणि गेज दोन्ही आहे.

पाना_नंबर_१९
मग केस आणि पिनियन घेऊन लेथवाल्याकडे जा. हाऊसिंगही न्यावं लागेल, म्हणजे ॲक्सल खाली काढलेलाच बरा.

प्रीलोड हाताने कळतो म्हणणाऱ्यांचे हात मी बघितलेत. नव्या बेअरिंगला सील न लावता २० ते ४० इंच-पाउंड, जुनीच ठेवली तर त्याच्या निम्मा. फूट-पाउंड नव्हे. छोटा टॉर्क पाना नसेल तर ताणकाटा वापरा. फ्लॅन्जला दोरा गुंडाळा आणि काट्याने सावकाश ओढा. फ्लॅन्जची त्रिज्या दोन इंच धरली तर साडेचार किलोला फिरत राहिला म्हणजे २० इंच-पाउंड. फिरायला सुरुवात करतानाचा झटका धरायचा नाही. कमी आला तर शिम काढा, नट आणखी आवळून प्रीलोड वाढवायचा नसतो.

ग्रीसवाला
कंपनी टिमकेन, एसकेएफ किंवा एनबीसी, कुठलीही चालेल, पण अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट. नाना पेठेत चांगली दुकानं आहेत, पण नकली डबेही फिरतात. कप आणि कोन एकाच कंपनीचे घ्या.

शेवाळ
पाणी आत कुठून आलं ते कुणी बोललं नाही. तापलेला ॲक्सल ओढ्यात गेला की आतली हवा आखडते आणि ब्रीदरमधून (ॲक्सलच्या हवेच्या वाटेतून), सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला नळी जोडून ती चॅसिसवरून इंजिनच्या वरच्या उंचीपर्यंत न्या, टोकाला छोटा फिल्टर. आणि पाटे उचलल्यावर शाफ्टचा कोन बदललाय. पाट्याखाली पाचर घालून तो सरळ केला नसेल तर क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि पिनियन सील पुन्हा जाणार.

डोंगरवाट५४०
ब्रीदर बघितला. टोपी चिखलाने गच्च बसलीय. पाचर घातलेली नाही. ॲक्सल खाली उतरवतोच आहे तर दोन्ही त्याच वेळी करून घेतो. तेल ९० जीएल-५ भरतोय, चालेल ना?

पाना_नंबर_१९
चालेल. पहिले पाचशे किलोमीटर झाले की तेही काढून टाका, हाऊसिंगच्या कोपऱ्यात राहिलेला गाळ त्यात उतरतो. पहिल्या फेरीनंतर पिनियनच्या नाकावर हात ठेवून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर प्रीलोड जास्त झालाय, गाडी तिथेच थांबवा.