मदत हवी आहे : सिनेमातला बाप शेवटी सुधारतो, मग मुलं आपल्याकडे बघतात. काय बोलावं?

मंडळी, मुलांसोबत सिनेमे बघणाऱ्या आईबाबांची, आजीआजोबांचीही, थोडी मदत हवी आहे. (खाली काही सिनेमांचे शेवट उघड केलेत, तेव्हा बेताने वाचा.)

लेक अकरा वर्षांची, धाकटा सात. सुट्टीच्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा असं आमच्याकडे ठरलेलं आहे. त्यातून गप्पा निघाव्यात हा माझा छुपा हेतू. गप्पा निघतात, फक्त मी वळवायला जाते तिकडे वळत नाहीत. 'कौटुंबिक' म्हणून समोर येणाऱ्या बऱ्याच सिनेमांत कामात बुडालेला एक बाप असतो. मुलाच्या स्पर्धेला येतो म्हणतो, येत नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याला उपरती होते, मीटिंग टाकून धावत सुटतो, मिठी, संगीत, संपलं. लेकीने हे सूत्र केव्हाच पकडलंय. फोनवर बोलणारा बाप पडद्यावर आला की ती जाहीर करते, "हा सुधारणार." आणि सिनेमा संपला की मला विचारते, "मग तू का नाही येत ड्यूटी सोडून?"

माझी नोकरी पाळ्यांची. मी निघाले तर माझ्या जागी दुसरं कुणीतरी अडकतं. हे तिला ठाऊक आहे. ती रुसून विचारत नाही, अगदी शांतपणे विचारते, त्यामुळे टोलवताही येत नाही. "तुमच्यासाठीच तर करते" हे वाक्य मला तोंडातून काढायचं नाही. एक तर त्याने पोरांच्या डोक्यावर उपकार चढतात, आणि दुसरं म्हणजे ते अर्धंच खरं आहे. मला माझं काम आवडतं. "कुटुंब आधी, बाकी नंतर" म्हणावं, तर भिंतीवरचं ड्यूटीचं वेळापत्रक मला खोटं पाडतं.

माझी खरी तक्रार अशी की हे सिनेमे निवड करायला लावतात आणि मग तिची किंमत परत करून टाकतात. १९६४ चा 'मेरी पॉपिन्स' घ्या. बँकेतला तो शिस्तीचा बाप नोकरी गमावतो, पोरांचा फाटका पतंग दुरुस्त करून त्यांच्यासोबत उडवायला जातो. इथपर्यंत सुंदर. पण तिथेच बँकेची माणसं भेटतात आणि त्याला थेट भागीदार करून घेतात! धाकटा टाळ्या वाजवत होता. लेक म्हणाली, "नोकरी परत मिळाली नसती तर?" मी म्हटलं, बघू, झोपा आता.

'अप' (२००९) मात्र मला या बाबतीत फार प्रामाणिक वाटतो. सुरुवातीच्या त्या मूक भागात कार्ल आणि एली प्रवासासाठी बरणीत पैसे साठवतात आणि बरणी पुनःपुन्हा फुटते. कधी गाडीचं टायर, कधी मोडलेला पाय, कधी छपरावर कोसळलेलं झाड. एली जाते, प्रवास राहतो. धाकट्याचं मत : "त्यांनी बरणी लपवून ठेवायला हवी होती." यावर मी हसले, पण हा प्रश्न मोठ्या माणसांचाच आहे की. पुढे कार्लला एलीची वही सापडते. जी पानं कोरीच राहिली असतील असं त्याला वाटत असतं, तिथे तिने त्यांच्या संसाराचे फोटो लावलेले असतात. मग तो उठतो आणि फुग्यांना बांधलेलं घर हलकं होऊन उडावं म्हणून इतकी वर्षं जपलेलं सामान, खुर्च्यांसकट, बाहेर काढतो. अग्रक्रम ठरवणं म्हणजे काय हे मला याहून सोप्या रीतीने सांगता आलं नसतं. काय हवं ते सगळेच सांगतात, काय टाकणार हे कुणी सांगत नाही.

आणि त्यात कार्लसोबत प्रवासाला आलेल्या छोट्या स्काउटचा, रसेलचा, बाबा शेवटपर्यंत येतच नाही, हे लक्षात आलंय का तुमच्या? बिल्ला लावायच्या समारंभात ती जागा रिकामी असते, कार्ल पुढे होतो. सिनेमा त्या बाबाला सुधारत नाही. लेक तेव्हा काहीच बोलली नाही. मीही विषय काढला नाही, आणि काढावा की नाही हे मला अजून कळत नाहीये.

तर नेमकं विचारायचंय ते असं. सिनेमा संपल्यावर लगेच बोलता की दुसऱ्या दिवशी? मध्येच थांबवून "तू असतास तर काय केलं असतंस?" विचारलं की आमच्याकडे दोघंही उशीत तोंड खुपसतात, त्यामुळे तो मार्ग बंद. दोन वयांच्या मुलांशी एकाच वेळी कसं बोलायचं? आणि मुख्य म्हणजे "मला तुम्हीही हवे आहात आणि कामही हवं आहे, दोन्हीला वेळ पुरत नाही" हे अकरा वर्षांच्या मुलीला सांगितलं तर ती घाबरेल का?

अवांतर : 'मोबाईल काढून घ्या' छापाचे सल्ले नकोत, प्रश्न तो नाही.

प्रतिसाद १
लहान मुलांना माजिद माजिदीचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) दाखवा. बहिणीचे बूट हरवलेला अली शर्यतीत उतरतो तो तिसरा येण्यासाठी, कारण तिसऱ्या बक्षिसात बूट असतात. येतो पहिला, आणि सगळे जल्लोष करत असताना त्याचं तोंड उतरलेलं. माझ्या मुलाने विचारलं, "जिंकला तर रडतो का?" मी उत्तर दिलं नाही. बहिणीकडे बघ एवढंच म्हटलं. त्याचं त्यालाच सुचलं. आपण गप्प बसलं की मुलं बोलतात, असा माझा अनुभव.

प्रतिसाद २
बाकी ठीक, पण बापच कायम दोषी का हो? 'एलिझाबेथ एकादशी'त (२०१४) आईला कर्ज फेडायचं असतं आणि मुलांची लाडकी सायकल विकायची वेळ येते. ती वाईट नाही, मुलंही हट्टी नाहीत, पैसे कमी आहेत. खलनायक नसलेली अडचण दाखवणारे सिनेमे निवडा. मुलांना घरचा हिशोब कळायला हरकत नसते, मोठ्यांनाच तो लपवायचा असतो.

प्रतिसाद ३
अकराव्या वर्षी 'सोल' (२०२०) चालेल. त्यात केस कापणारा डेझ लक्षात ठेवा. त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं, मुलगी आजारी पडली, ते शिक्षण परवडेना, म्हणून हे काम शिकला. आणि तो या कामात रमलाय! त्याग वगैरे शब्द न वापरता ही गोष्ट तो कात्री चालवता चालवता सांगून टाकतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर : नाही, घाबरणार नाही. फक्त त्यासोबत एक ठोस गोष्ट सांगा. "वेळ पुरत नाही" एवढंच म्हणून सोडू नका. "या महिन्यात तुझ्या या एका कार्यक्रमाची सुट्टी मी आत्ताच मागते, कुठला ते तू ठरव" असं म्हणा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद २, मान्य, आणि आमच्या घरी तर दोषी बाबा नसून मीच आहे! :)
सुट्टीची कल्पना लगेच करून पाहिली. मला वाटलं होतं ती वक्तृत्व स्पर्धा सांगेल. तिने पालकसभा निवडली, कारण "तिथे बाबा काहीच विचारत नाही." धाकट्यालाही निवड द्यावी का? तो रोज नवीन कार्यक्रम निवडेल अशी रास्त भीती आहे. सात वर्षांच्या मुलांवर हा प्रयोग कुणी केलाय का?