भाऊ १७ वर्षांचा, उजव्या विंगेला खेळतो. तीन वर्षांचा करार आलाय. सही करावी का?

धाकट्याची आक्का

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा आहे. कोल्हापुरात आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून उजव्या विंगेला खेळतो, पाय डावा. यंदा शाहू स्टेडियमवर ज्यांनी सामने बघितलेत त्यांना तो कोण हे लगेच कळेल, पण कृपा करून नाव लिहू नका.

आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) एका क्लबनं त्याला ट्रायलला बोलावलं, आठवडाभर ठेवून घेतलं आणि आता कराराचा मसुदा पाठवलाय. तीन वर्षांचा करार. पहिल्या वर्षी ज्युनिअर संघ, हॉस्टेल, जेवण आणि महिना १५ हजार. पुढं दरवर्षी थोडी वाढ. इथपर्यंत ठीक वाटतं. पण पुढची कलमं वाचून मी अडले. तीन वर्षं संपल्यावर क्लबला हवं असेल तर करार आणखी दोन वर्षांनी वाढेल, त्याच पगारावर, आणि त्यात भावाला विचारण्याचा कुठं उल्लेख नाही. मेडिकल पास झाला तरच करार लागू होणार. दुखापतीबद्दल एवढंच लिहिलंय की 'क्लब योग्य ते सहकार्य करेल'. मुदतीत दुसऱ्या कुठल्याही संघाकडून खेळायचं नाही. उत्तर पंधरा दिवसांत द्यायचंय.

बाबा उद्यमनगरात लेथवर काम करतात. ते म्हणतात, असा दरवाजा परत उघडायचा नाही, सही करून टाकूया. तालमीतली वडीलधारी मंडळी म्हणतात, हंगाम पुरा होऊ दे, मग बघू. आईला बारावीची काळजी. आणि हा पठ्ठ्या कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, "आक्का, तू वाच आणि सांग." मी पतसंस्थेत हिशेब बघते, कर्जाचा कागद डोळे झाकून वाचीन, पण फुटबॉलचा करार पहिल्यांदाच बघतेय.

मला त्याच्या खेळातलं एक सगळ्यात आवडतं. पास यायच्या आधी तो खांद्यावरून एकदा मागं बघतो. कुणी शिकवलं नाही, गांधी मैदानावर थोरल्या पोरांत खेळताना लागलेली सवय आहे. पण मी बहीण आहे, माझं मत धरू नका. तुम्ही प्रामाणिकपणे सांगा: हा पोरगा वरच्या पातळीवर टिकेल का? आणि या करारावर सही करावी का?

गॅलरीतला मंगळवारकर

ताई, पोरगं कोण ते पहिल्या ओळीतच कळलं बघा. नाव घेत नाही.

टिकंल का काय विचारता? मी पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा सगळ्यांचे सामने बघत आलोय. उजवीकडनं आत घुसून डाव्या पायानं लांबच्या पोस्टात बॉल वळवणारा असा पोरगा आपल्याकडं लई दिवसांनी आलाय. बॅकला वाटतं हा आता मारणार, तो पाय घालतो, आणि हा बॉल नुसता टोचून पुढं काढतो. यंदाच्या एका सामन्यात टायब्रेकरला पहिली पेनल्टी मारायला हाच पुढं आला, आठवतंय न्हवं? एवढी गॅलरी अंगावर ओरडत असताना १७ वर्षांचं पोरगं बॉल ठेवून शांत उभं राहतं, त्याला काय म्हणायचं?

पण म्हणूनच सांगतो, अर्ध्या हंगामातनं पाठवू नका. ज्युनिअर संघाच्या मॅचला बघायला कोण असतंय? रिकाम्या खुर्च्या. इथं हजारो माणसांसमोर, पेठेची इज्जत पणाला लागलेली असताना खेळून जे अंगात येतं ते हॉस्टेलात मिळायचं नाही. हंगाम झाला की खुशाल जाऊ दे, आम्हीच स्टँडवर सोडायला येतो.

समोरचा लेफ्ट बॅक

मी या पोरासमोर डावीकडून बॅकला खेळलोय, म्हणून लिहितो. कुठल्या संघातून ते राहू दे.

आक्का, तुम्ही म्हणता ते खांद्यावरून बघणं खरं आहे आणि ते फार मोठं आहे. मी त्याच्या पाठीला चिकटून उभा राहिलो की तो बॉल थांबवतच नव्हता, पहिल्याच टचला माझ्या उलट बाजूला वळायचा. वेग असलेली पोरं कोल्हापुरात पुष्कळ आहेत. पहिल्या टचला दिशा बदलणारी फार थोडी.

आता कमी काय ते. उजवा पाय जवळपास वापरतच नाही. दुसऱ्या हाफमध्ये मला आमच्या कोचनी सांगितलं, आतली बाजू बंद कर आणि त्याला लाइनकडं जाऊ दे. तसं केल्यावर तो लाइनवर जाऊन थांबायचा, बॉल परत डाव्यावर घ्यायचा, तोपर्यंत आमचा दुसरा माणूस पोहोचलेला असायचा. उजव्यानं एक सरळ क्रॉस मारला असता तर मी उघडा पडलो असतो. दुसरं, बॉल गेला की तो मागं येत नाही. आपल्याकडं चालून जातं, कारण विंगरनं पुढंच राहावं असं गॅलरीलाच वाटतं. वरच्या पातळीवर मागं न येणाऱ्या विंगरला कोच पहिल्या अर्ध्या तासात बाहेर बसवतो. तिसरं, शेवटच्या वीस मिनिटांत दम कमी पडतो. ते वयाचं आणि खाण्याचं आहे, सुधारेल.

म्हणून माझं मत मंगळवारकरांच्या अगदी उलट आहे. आत्ताच जाऊ दे. या तिन्ही गोष्टी १७ ते २० या वयातच बसतात. अनिकेत जाधव आपल्याच कोल्हापूरचा, विंगरच. तो लहान वयात पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला, मग इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद. तो इथंच राहिला असता तर आज सगळ्या पेठांचा लाडका असता आणि तिथंच थांबला असता. हंगामाच्या कौतुकात पोराची दोन वर्षं जातात, हे मी माझ्याबरोबरच्या कितीतरी चांगल्या खेळाडूंच्या बाबतीत बघितलंय.

ब्लाउग्राना कोल्हापूर

लामिन यमाल बघा. १५ व्या वर्षी बार्सिलोनाच्या पहिल्या संघात, १६ व्या वर्षी युरोच्या सेमीफायनलला फ्रान्सवर तो गोल. तोही उजव्या विंगेचा, तोही डाव्या पायाचा! वय कशाला बघायचं? आणि करार थेट २०३१ पर्यंतचा. क्लब लांबचा करार देतोय म्हणजे त्यांचा पोरावर विश्वास आहे, ताई. पाच वर्षं मिळत असतील तर उलट चांगलंच की.

जुना स्टॉपर

यमालचं उदाहरण आलंच आहे तर पूर्ण घेऊया, त्यात ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये यमालनं करार केला तो २०२६ पर्यंतचाच होता. जगातला सगळ्यात श्रीमंतांपैकी एक क्लब, एक अब्ज युरोचं रिलीज क्लॉज (मुदतीआधी खेळाडू न्यायचा तर भरायची रक्कम), आणि मुदत मात्र तीन वर्षांच्या आत. कारण फिफाचा नियमच तसा आहे: १८ वर्षांखालच्या खेळाडूचा प्रोफेशनल करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा, त्यापुढच्या मुदतीचं कलम फिफा धरत नाही. २०३१ पर्यंतचा करार २०२५ मध्ये झाला, १८ पूर्ण होण्याच्या तोंडावर. ताई, तुमच्या मसुद्यातली 'तीन अधिक दोन, क्लबच्या मर्जीनं' ही गोष्ट त्या नियमाला वळसा घालते. ते कलम काढायला सांगा. नाही म्हणाले तर दोन गोष्टी मागा: वाढ दोघांच्या लेखी संमतीनंच होईल, आणि वाढीव वर्षांचा पगार आकड्यासह आत्ताच लिहिलेला असेल.

मेडिकलचं कलमही चुकीचं आहे. कराराची वैधता मेडिकल पास होण्यावर अवलंबून ठेवता येत नाही, असं फिफाच्या नियमात स्पष्ट आहे. मेडिकल करायचंय ना? सहीच्या आधी करा म्हणावं.

दुखापत. मी इथं थांबून लिहितो. मी बाहेर एका क्लबकडून खेळत होतो तेव्हा गुडघ्याचा लिगामेंट गेला. करारात 'योग्य ते सहकार्य' असलेच गुळगुळीत शब्द होते. ऑपरेशन घरच्या पैशानं झालं, आईच्या पाटल्या गेल्या. त्यामुळं तुम्ही हे तीन मुद्दे शब्दांत लिहून घ्या: विमा किती रकमेचा, ऑपरेशन आणि फिजिओचा खर्च कोणाचा, आणि पोरगा बाहेर बसलेला असताना पगार किती महिने चालू. विंगरला तर हे जास्तच लागू. आन्सू फातीला बार्सिलोनानं २०२१ मध्ये मेस्सीचा १० नंबर दिला, २०२७ पर्यंतचा करार दिला, तेच अब्ज युरोचं क्लॉज दिलं. त्याच्या आधीच्या वर्षी गुडघ्याचा मेनिस्कस फाटलेला होता. २०२३ मध्ये तो लोनवर ब्रायटनला गेला. त्याच्याकडं निदान करार पक्का होता, पगार सुरू होता. आपल्या पोरांकडं तेवढंही नसतं.

पगार थकण्याचंही बघा. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा हंगामच अडकला होता आणि त्यानंतर काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले होते, हे सगळ्यांना आठवत असेल. फिफाच्या नियमाप्रमाणं दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूनं लेखी नोटीस द्यायची, १५ दिवस थांबायचं, तरी दिला नाही तर तो करार मोडून मोकळा होऊ शकतो. हेच वाक्य करारात घाला.

आणि पहिला प्रश्न त्यांना हा विचारा की नोंदणी कशी करणार, प्रोफेशनल म्हणून की ॲमॅच्युअर म्हणजे हौशी म्हणून? भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस या खेळाडू नोंदणीत काय टाकतात त्यावर पुढचं बरंच ठरतं. १८ पूर्ण नाही म्हणजे त्याच्या एकट्याच्या सहीला कायद्यानं अर्थ नाही, बाबांची सही लागेल. मध्ये कुणी एजंट असेल तर त्याच्याकडं फिफाचं लायसन्स आहे का ते बघा. माझ्या माहितीतली दोन पोरं लायसन्स नसलेल्या 'सरां'मुळं अडकली.

खेळाबद्दल मी लेफ्ट बॅकशी सहमत. जाऊ दे त्याला. पण या कागदावर नको.

गॅलरीतला मंगळवारकर

स्टॉपर साहेब, लई उपयोगाचं लिहिलंत. तरी माझं म्हणणं सोडत नाही. सहीनंतर लगेच न जाता हंगाम संपल्यावर रुजू होतो असं लिहून घेता येत नाही का? यमाल काय, अनिकेत काय, सगळे मान्य. पण आमच्या तालमीनं या पोराला पहिले स्टड दिले, पावसाळ्यात सकाळी सहाला ग्राउंडवर उभं केलं. त्या लोकांना न विचारता उचलून न्यायचं, हे बरोबर वाटत नाही.

धाकट्याची आक्का

तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. लेफ्ट बॅक भाऊंचा उजव्या पायाचा मुद्दा भावाला दाखवला तर तो काही बोलला नाही. सकाळी लवकर उठून भिंतीवर उजव्यानं बॉल मारत होता, शेजारच्या काकू बोलेपर्यंत.

क्लबच्या माणसाला फोन केला. मेडिकल सहीच्या आधी करायला ते लगेच तयार झाले. दुखापतीचं कलम पुन्हा लिहून पाठवतो म्हणाले, विम्याची रक्कम घालून. नोंदणी प्रोफेशनल म्हणूनच करणार, हेही ईमेलवर मागितलंय. दोन वर्षांच्या ऑप्शनवर मात्र अडून बसलेत. "सगळ्या पोरांच्या करारात असतो," एवढंच उत्तर. मी म्हटलं, दोघांच्या संमतीनं असेल तर ठेवा, नाहीतर तीन वर्षांवर सही करू. सोमवारी कळवतो म्हणालेत.

मंगळवारकर दादा, तुमचं म्हणणं मलाही लागलं. हंगाम संपल्यावर रुजू होण्याचं विचारलं, पण त्यांचं ज्युनिअर शिबिर आधीच सुरू होतंय, आणि एकदा त्यांच्याकडं नोंदणी झाली की तालमीकडून उतरता येणार नाही. माझा कल आता जाण्याकडं आहे. बारावीचा फॉर्म भरलेला आहे, परीक्षेला चार आठवडे सोडण्याचं ते लेखी देतील असं म्हणाले. आईचं त्यावर समाधान झालं.

तालमीचं मात्र मन दुखावू नये असं वाटतं. त्यांच्यासाठी करारात काही करता येतं का?

जुना स्टॉपर

येतं, आणि करायलाच पाहिजे. पुढंमागं करार चालू असताना त्याची परदेशी क्लबकडं फी देऊन बदली झाली, तर त्या फीतला पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. भारतातल्या भारतात ट्रेनिंग कॉम्पेन्सेशनचे (घडवणाऱ्या क्लबाला मिळणारी भरपाई) फेडरेशनचे वेगळे नियम आहेत. पण दोन्हीकडं कागद लागतो. पोरगा कुठल्या वर्षी कुठल्या संघाकडं नोंदलेला होता हे केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) आणि तालमीकडं लेखी असेल तरच. आपल्याकडची बहुतेक पोरं १२-१३ व्या वर्षापासून तालमीत खेळतात आणि कागदावर १६ व्या वर्षी उगवतात. मधली वर्षं कुणाच्याच नावावर नसतात. सहीच्या आधी तालमीकडून वर्षवार पत्र घ्या आणि केएसएच्या नोंदणीशी ताडून बघा.

ऑप्शनवर मागं हटू नका. क्लबला पोरगा खरंच हवा असेल तर एका कलमासाठी सोडणार नाहीत.

समोरचा लेफ्ट बॅक

सोमवारी आणखी एक विचारा, आक्का: रिझर्व्ह संघाच्या लीगमध्ये त्याला उतरवणार का, आणि त्याच्या जागेवर आधीच किती विंगर आहेत. चार असतील तर तो वर्षभर बाकावर बसेल, मग करार कितीही चांगला असो. आणि भिंतीवर मारताना बॉल थांबवून मारू नको म्हणावं, आल्या आल्या उजव्यानं परत.

गॅलरीतला मंगळवारकर

ताई, तालमीच्या पत्राचं मी बघतो. आमच्याकडं जुनी रजिस्टरं कपाटात आहेत, जर्सी वाटपाच्या याद्या सालासकट आहेत, त्यात पोराचं नाव पहिल्यांदा कधी आलं ते सापडंल. अध्यक्षांशी बोललो, ते पत्र द्यायला तयार आहेत. रविवारी सकाळी बाबांना घेऊन तालमीत या, शिक्का तिथंच मारून देऊ.