मदत हवी आहे: खाऱ्या टँकमध्ये सोडलेल्या मॉली मरताहेत

निळीशार
काल संध्याकाळी सहा काळ्या मॉली मासे समुद्री पाण्याच्या टँकमध्ये सोडले. सकाळी दोन मेलेल्या. उरलेल्या चार तळाशी बसल्यात, पर मिटलेले, त्यातली एक तिरकी झालीये. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान २६. मॉली खाऱ्या पाण्यात राहतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मग मरताहेत का? आत्ता काय करू ते सांगा.

खाजण
पाणी किती खारं आहे? कशाने मोजलं? आणि पिशवीतून टँकमध्ये सोडायला किती वेळ घेतला? हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

पाणकावळा
मॉली आणल्यात म्हणजे केसाळ शेवाळ खाऊन संपवायलाच असणार. फॉस्फेट किती आहे? आधी खाणं कमी करा, दिवे आठ तासांवर आणा, स्किमरचा (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कप रोज धुवा. मूळ कारण तसंच राहिलं तर कितीही मासे सोडा, शेवाळ परत येणारच.

निळीशार
@पाणकावळा, हो, शेवाळासाठीच, पण आत्ता प्रश्न तो नाहीये.
@खाजण, पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली, मग दोन-तीनदा टँकचं पाणी घातलं. एकूण चाळीस मिनिटं. हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारेपणा मोजणारा) १.०२५ दाखवतोय. मीठ समुद्री टँकचंच आहे, खायचं नाही.

खाजण
मग कारण तेच, गोड्या पाण्यातून एकदम खाऱ्यात. गोड्या पाण्यात माशाच्या अंगात सतत पाणी शिरत असतं. ते तो पातळ लघवीवाटे टाकतो आणि कल्ल्यांतून मीठ आत ओढतो. खाऱ्यात सगळं उलटं: अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, माशाला पाणी प्यावं लागतं आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या पेशींना बाहेर टाकावं लागतं. मॉलीला हे जमतं, पण पेशी पुरत्या बदलायला दिवस लागतात. चाळीस मिनिटांत तुमच्या मॉली आतून सुकल्या.

आत्ता २० लिटरचा टब घ्या. त्यात टँकचं ६ लिटर पाणी आणि क्लोरीन काढलेलं गोडं पाणी १४ लिटर. क्षारता (हजार भागांत मीठ किती) साधारण १०.५ होईल, म्हणजे हायड्रोमीटरवर १.००८. तापमान टँकइतकंच ठेवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा, वर झाकण ठेवा, मॉली उडी मारतात. मासे थेट त्यात सोडा. खाऱ्यातून कमी खाऱ्यात उतरणं मॉलीला चढण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं. आज खायला घालू नका.

रेतीकण
दिवसांची गरज नाही. हवेच्या पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी माशांच्या भांड्यात सेकंदाला तीन थेंब, सहा तास. त्यावर मॉली व्यवस्थित खाऱ्यात जातात.

खाजण
हिशोब करून बघा. सेकंदाला तीन थेंब म्हणजे ताशी जेमतेम अर्धा लिटर. सुरुवातीला दोन लिटर गोडं पाणी असेल, तर सहा तासांनी त्यात तीन लिटर खारं पडलेलं असेल. क्षारता होते २१. टँक ३५ वर. उरलेल्या १४ ची उडी मासा एका क्षणात मारतो.

रेतीकण
दर दोन तासांनी अर्धं पाणी काढून टाकायचं, ते लिहायचं राहिलं. तसं केलं की तेवढ्याच वेळात बरंच वर जातं. धडधाकट मॉलीला ते पुरतं यावर मी ठाम आहे. पण ह्या चार आधीच खचलेल्या आहेत, त्यांच्यासाठी तुमचाच मार्ग बरा.

मचूळप्रेमी
अवांतर: माझा फिगर एट पफर मासा असाच हळूहळू पूर्ण खाऱ्यात नेता येईल का?

रेतीकण
नको. फिगर एटला १.००५ च्या आसपास आयुष्यभर पुरतं. चढवत न्यायचा तो ग्रीन स्पॉटेड पफर. स्कॅट आणि मोनो तर मोठेपणी पूर्ण खाऱ्यात उत्तम राहतात, पण त्यांना टँकही तसाच प्रशस्त लागतो. टेट्रा, लोच, गोल्डफिश यांच्यावर हा प्रयोग करूच नये. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

निळीशार
टबात हलवल्या. तिरकी गेली. बाकी तीन तासाभरात पोहायला लागल्या, पर उघडलेत. आता परत वर कधी न्यायच्या?

खाजण
दोन दिवस तसंच ठेवा. मग रोज टबातलं ४ लिटर काढून टँकचं ४ लिटर घाला. क्षारता साधारण अशी चढेल: १५, १९, २२, २५, २७, २८.५. सातव्या दिवशी अर्धा टब बदला, ३२ च्या जवळ पोचाल. तिथून टँकमध्ये सोडायला हरकत नाही. एखाद्या दिवशी पर मिटलेले दिसले तर त्या दिवशी थांबा.

टबात तयार फिल्टर (अमोनिया पचवणारे जिवाणू वाढलेला) नाही, म्हणून अमोनिया रोज तपासा. क्षारतेबरोबर पीएचही वाढत जाणार, आणि चढ्या पीएचला तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. अमोनिया दिसला तर टबातल्याइतक्याच खारट पाण्याने बदल करा. वाफ होऊन पातळी उतरली की भर मात्र गोड्या पाण्याची. मीठ उडून जात नाही.

पाणकावळा
हायड्रोमीटर काट्याचा असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. टिचकी मारून बुडबुडे काढा, मग वाचा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता मोजणारा) घेतलात तर तो साध्या पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ क्षारतेच्या द्रावणावर जुळवा. आपल्याला अचूकपणा तिथे हवाय.

निळीशार
काट्याचाच आहे. टिचकी मारल्यावर १.०२४. टबात आज पहिला बदल केला. तिघी खायला मागताहेत. शेवाळ लागलेला एक दगड टँकमधून टबात ठेवू का, सवय होईल?

खाजण
दगड नको. इतक्या कमी क्षारतेत त्यातले जीव मरतील आणि अमोनिया उसळेल. शेवाळ चिमटीने उपटून तेवढंच टाका, दोन तासांत संपलं नाही तर काढून घ्या.