बर्गामोटचे तेल चेहऱ्याच्या क्रीममध्ये सुगंधासाठी वापरावे का?

धागाकर्ता: इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकणाऱ्या बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाची साल दाबून काढलेले तेल कोलोनसारख्या सुगंधी द्रव्यांत सुमारे तीनशे वर्षांपासून वापरले जात आहे. आपल्याकडे घरगुती पातळीवर क्रीम तयार करून विकणारे अनेक जण ते ‘नैसर्गिक’ म्हणून चेहऱ्यासाठीच्या उत्पादनांत घालतात, आणि माझा आक्षेप नेमका तेथे आहे. या तेलातील बर्गाप्टेन हे द्रव्य उन्हातील अतिनील-अ किरणांनी सक्रिय होऊन त्वचेतील पेशींच्या डीएनएशी बांधले जाते; त्यातून भाजल्यासारखी जळजळ होते आणि महिनोन्महिने न जाणारे काळे डाग उरतात. दिवसा लावायच्या क्रीममध्ये हे तेल नसावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: मी असहमत आहे. बर्गाप्टेन काढून टाकलेले बर्गामोट तेल बाजारात मिळते आणि त्याचा सुगंध जवळजवळ तसाच असतो. साधे तेल वापरायचे असले, तरी इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांसाठी ०.४ टक्क्याची मर्यादा घालून दिली आहे. साबणासारख्या धुऊन जाणाऱ्या वस्तूंत तर हा प्रश्न फारसा उरतच नाही. मर्यादा पाळणाऱ्यांवरही सरसकट बंदी कशासाठी?

धागाकर्ता: मर्यादा कागदावर सोपी दिसते. तीस ग्रॅमच्या डबीत ०.४ टक्के म्हणजे ०.१२ ग्रॅम, साधारण चार थेंब. आणि ड्रॉपर बदलला की थेंबाचे वजनही बदलते. वजनकाट्याऐवजी थेंब मोजून काम करणाऱ्याला आपण मर्यादा ओलांडली हे कळणारही नाही, आणि डाग मात्र दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडेल. बर्गाप्टेनमुक्त तेलाला माझा विरोध नाही. पण विक्रेत्याकडे तपासणी अहवाल मागणारे किती जण आहेत?

प्रतिसाद २: उन्हाइतकाच गंभीर, पण क्वचितच बोलला जाणारा मुद्दा जुन्या तेलाचा आहे. लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनिन हवेच्या संपर्कात येऊन ऑक्सिडीकृत होते आणि त्यातून तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडे त्वचेला ॲलर्जी जडवू शकतात. नागपुरी संत्र्याच्या सालीच्या तेलात बर्गामोटपेक्षाही लिमोनिन अधिक असते, त्यामुळे केवळ बर्गामोट टाळून हा धोका टळत नाही, आणि बर्गाप्टेन काढलेले तेलही यातून सुटत नाही. युरोपीय संघात त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात लिमोनिन ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असल्यास ते लेबलवर लिहावेच लागते.

प्रतिसाद १: हे मान्य आहे, परंतु बाटली घट्ट बंद, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवली, उघडल्याची तारीख लिहिली आणि जुने तेल टाकून दिले, तर हा धोका बराच आटोक्यात राहतो. कृत्रिम सुगंधांतही लिमोनिन आणि लिनालूल (हवेत तसाच ऑक्सिडीकृत होणारा आणखी एक सुगंधी घटक) सर्रास असतात, हे येथे विसरता कामा नये.

धागाकर्ता: म्हणूनच माझी मागणी ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ या दोन्ही सुगंधांना एकच आहे: विक्रेत्याने तेलाचा प्रकार, त्याची टक्केवारी आणि ‘लावल्यानंतर उन्हात जाऊ नये’ ही सूचना डबीवर स्पष्ट छापावी. ती छापली जात नाही तोवर मी असे दिवसाचे क्रीम कुणालाही सुचवणार नाही.