सोसायटी ग्रुप: वाचनालय १ तारखेपासून संध्याकाळी बंद?

ए-102 काकू: वाचनालयाच्या फळ्यावरची नोटीस बघितली का कुणी? 1 तारखेपासून संध्याकाळी बंद! अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं कुठे बसायची आता? माझा भाचा तिथेच असतो.

बी-301: 🙏 वाचाल तर वाचाल 🙏

ए-102 काकू: भाऊ, फॉरवर्ड राहू द्या. सभासद आहात का?

बी-301: मोबाईलवर वाचतो की.

सी-204 अण्णा: बी विंगची टाकी वाहतेय. पंप कोण बंद करणार?

ए-401 सर: वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे म्हणून सांगतो. सरकारी अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं, आपलं वाचनालय ब वर्गात. त्याला 5 हजारांवर पुस्तकं आणि निदान 100 सभासद लागतात. पुस्तकं ढीग आहेत, सभासद शंभरीच्या काठावर. तपासणीत क वर्गात घसरलो की अनुदान निम्म्यावर. 2022 ला 60 टक्के वाढ झाली, पण ते येतं हप्त्यांनी. ग्रंथपाल बाईंचा पगार ऐकलात तर कुणी इथे इमोजी टाकणार नाही.

सी-103: कार्यकारिणीत वर्षानुवर्षं तीच चार डोकी. हिशोब कुणी बघितलाय?

ए-401 सर: वार्षिक सभेत मांडतो. कोरम नसतो म्हणून सभा तहकूब करून अर्ध्या तासाने तिथेच घेतो. आलात का कधी?

सी-103: निमंत्रण नव्हतं.

ए-401 सर: ते सभासदांना जातं.

बी-301: 😂😂

सी-204 अण्णा: टाकी!! बी विंग!! पंप!!

बी-202: माझ्याकडे दोन पोती पुस्तकं आहेत. देणगी समजा.

ए-102 काकू: मागची पोती उघडताना मी तिथेच होते हो. दहावीची गाईडं, जुनी कॅलेंडरं आणि वाळवी. ती पुढे संदर्भ विभागाच्या कपाटात शिरली.

बी-202: चांगल्या भावनेने दिली होती. असो.

सी-302 ताई: माझं माहेर चिपळूण. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. 2021 च्या पुरात पुस्तकांचा लगदा झाला, तरी लोकांनी सोडलं नाही. आपल्याकडे पूर नाही, पाणी नाही...

सी-204 अण्णा: पाणी आहे. बी विंगला.

सेक्रेटरी: पंप बंद केलाय. सोसायटी फंडातून वाचनालयाला काही देता येणार नाही. आणि ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांनी दुसऱ्यांचे हिशोब मागू नयेत, ही विनंती.

सी-103: नाव घ्या ना सरळ.

सेक्रेटरी: यादी लिफ्टजवळ लावली आहे.

ए-102 काकू: भांडण खाली करा. रविवारी 10 वाजता गेटपाशी टेबल टाकते. वर्गणी महिना 50, अनामत 300, ती परत मिळते.

बी-301: नक्की मिळते? मिसेसची कधीची अडकलीय.

ए-401 सर: त्यांच्याकडची कादंबरी आली की लगेच.

बी-301: ती भावजयीने नेली. विचारतो.

सी-103: फॉर्मला फोटो लागतो का?

ए-102 काकू: दोन. आणि आधारची झेरॉक्स.