मागच्या खोलीतलं काम : दुकान सांभाळणाऱ्या ॲडमिन मंडळींचे अनुभव

गिऱ्हाइकाला दुकान दिसतं ते काउंटर, मांडणी आणि सेलच्या पाट्यांपुरतं. माल उतरवून घेणं, चलन-बिल जुळवणं, गल्ला, हजेरी, परवाने हे सगळं मागच्या खोलीत चालतं. ते करणाऱ्याला कुणी ॲडमिन मॅनेजर म्हणतं, कुणी बॅक ऑफिस, कुणी नुसतंच 'आतल्या मॅडम'. तुम्ही हे काम केलं असेल तर लिहा. बक्षिसांचं नको, रोजचं लिहा. सुरुवात मी करते.

पुणे, सुपरमार्केट

22 सप्टेंबर 2025, घटस्थापना. त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, बिस्किटं स्वस्त होणार म्हणून लोक खूश, आणि आमची रविवारची रात्र कॉम्प्युटरपुढे. अंगाच्या साबणाची वडी 18 टक्क्यांवरून 5 वर आली, पण हात धुण्याचं लिक्विड 18 वरच राहिलं. कपडे धुण्याची पावडरही 18 वरच. तूप-लोणी 12 वरून 5 वर, पाकीटबंद पनीर थेट शून्यावर. कुणीतरी पूर्वी आळसाने 'साबण' असा एकच गट करून ठेवलेला असला की सगळंच एकदम स्वस्त होऊन बसतं. म्हणून एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा जीएसटीचा आकडा, बघत एकेक आयटम तपासला.

शेल्फवरच्या मालावर छापील किंमत जुनीच होती. कमी किमतीचा स्टिकर लावताना जुनी एमआरपी झाकायची नाही, शेजारी लावायचा, हे पोरांना पुन्हापुन्हा सांगावं लागलं, कारण हात आपोआप जुन्या आकड्यावरच जातो. पुढच्या आठवड्यात परताव्याची मंडळी आली. शनिवारी घेतलेला शाम्पू परत केला तर क्रेडिट नोट, म्हणजे परतीची पावती, जुन्याच दराने निघते. पनीर करमुक्त झाल्यामुळे शिल्लक पाकिटांवर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उलटवावं लागलं. रक्कम अगदी किरकोळ, पण सीएने तेवढ्यासाठी भंडावून सोडलं. काउंटरवर मात्र गिऱ्हाईक विचारत होतं, "मॅडम, पावडर का नाही हो स्वस्त झाली?" ते मलाही ठाऊक नव्हतं.

सोलापूर, साड्या आणि कापड

आमच्याकडे लग्नसराईत बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी येतात. शालू, मानपानाच्या साड्या, फेटे, टॉवेल-टोपी. सकाळी बसलेले लोक दुपारचा चहा घेऊनही उठत नाहीत. बिल अडीच लाखांच्या घरात जातं आणि मुलीचे काका पिशवीतून नोटांची बंडलं काढतात. मग मला आतून बोलावणं येतं.

1 एप्रिल 2017 पासून एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासाठी दोन लाख वा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. "चार बिलं फाडा की, एक उद्याच्या तारखेचं टाका," हा सल्ला हमखास येतो, आणि तो देणारा बहुधा नात्यातला कुणी 'हिशोबातला' माणूस असतो. लग्न एकच, देणारा एकच, मग बिलं किती का फाडेनात. मी म्हणतो, "काका, दंड तुम्हाला नाही, आम्हाला बसतो. घेतले तेवढेच भरावे लागतात." हे ऐकलं की राग निवळतो, कारण आपल्यावर संशय नाही हे कळतं. मग एखादा भाचा मोबाइलवरून बाकीचे पाठवतो. गल्ल्यावरच्या पोराला हे बोलायला लावू नये. तो घाबरतो, आणि समोरची मंडळी त्यालाच झाडतात.

नाशिक, किराणा होलसेल आणि रिटेल

माझं निम्मं आयुष्य गाडी रिकामी करून घेण्यात चाललंय. चलनावर 40 पेट्या, गाडीत 38. ड्रायव्हर म्हणतो, "सही करा साहेब, दोन पुढच्या गाडीला येतील." त्या येत नाहीत. कमी आलेला माल चलनावरच लिहायचा, त्याखाली ड्रायव्हरची सही घ्यायची, मगच एंट्री. माझ्या मते अख्ख्या दुकानात सर्वांत महत्त्वाची सही हीच. चोरीच्या नावाखाली दाखवली जाणारी बरीचशी घट मुळात शटरच्या आत आलेलीच नसते.

दुसरी डोकेदुखी 2बी, म्हणजे आम्हाला किती क्रेडिट मिळणार ते दाखवणारी जीएसटी पोर्टलवरची दर महिन्याची यादी. सप्लायरने 11 तारखेपर्यंत आपलं बिल जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात चढवलं नाही, तर 14 तारखेच्या 2बीमध्ये ते दिसत नाही आणि त्या महिन्याचं क्रेडिट अडकतं. पैसे आम्ही देऊन बसलेले. म्हणून 9 तारखेपासून फोन सुरू. "भरतो ना शेठ" हे वाक्य मी झोपेतही ओळखीन.

नागपूर, मॉलमधलं कपड्यांचं दुकान

हजेरी आणि पगार माझ्याकडे. फेब्रुवारीत व्यवसाय कर 200 ऐवजी 300 कापला जातो आणि दर वर्षी तीच मुलं तोच प्रश्न घेऊन येतात. वर, "तिचा का नाही कापला?" महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना 2023 पासून हा कर माफ आहे, हे सांगितलं की तोंडं आणखी वाकडी.

दिवाळीत दुकान उशिरापर्यंत चालतं. रात्री साडेनवानंतर मुलींना थांबवायचं तर त्यांची संमती घ्यावी लागते, सुरक्षितपणे घरी पोचवायची सोय करावी लागते. कागद तयार असतात, गाडी मात्र ऐनवेळी मिळत नाही. मी आता नवरात्रातच गाडीवाल्याला ॲडव्हान्स देऊन ठेवते.

न्यू जर्सी, इंडियन ग्रोसरी

आमच्याकडे सगळा घोळ समोशाचा. फ्रीझरमधला समोसा किराण्यात मोडतो, त्यावर सेल्स टॅक्स नाही. तोच गरम करून काउंटरवर ठेवला की 6.625 टक्के. सरकारी मदतीच्या स्नॅप कार्डावर फ्रोझन चालतो, गरम चालत नाही. म्हणून सिस्टिममध्ये दोघांना वेगळे कोड. कॅशियर नवा असेल तर एक आजी आणि सहा समोसे एवढ्यावर रांग तुंबते. शेवटी मी दोन्ही बटणांना वेगळे रंग दिले.

कोल्हापूर, भांडी आणि घरगुती वस्तू

नाशिककर, 2बीवर आमचा उपाय सांगते. फोन बंद केले. बिलातली कराची रक्कम वेगळी काढून ठेवते आणि 14 तारखेला बिल दिसल्यावरच सोडते. ऑर्डर देतानाच तसं लिहून कळवलंय. पहिल्या महिन्यात बरीच बोलणी खाल्ली. आता बाकीचे सुधारले, एक जण अजून तसाच आहे.